घरची बिअर, कोकणची हवा आणि १९४९चा कायदा

घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींत जाड्या पोह्यांना मोठा मान आहे. बिअरमध्ये तांदूळ घातला की ती अंगाने हलकी आणि प्यायला स्वच्छ होते. पण कच्चा तांदूळ बार्लीच्या माल्टबरोबर नुसता भिजवून भागत नाही. त्यातला स्टार्च ६५-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात उलगडत नाही, म्हणून तो आधी वेगळा शिजवून घ्यावा लागतो. पोहे भात भिजवून, भाजून आणि चेपून केलेले असतात, म्हणजे स्टार्च उलगडण्याचं काम गिरणीतच झालेलं असतं. अमेरिकेतल्या दुकानांत 'फ्लेक्ड राइस' नावाने जो माल महाग मिळतो, त्याचं काम वाण्याकडचे पोहे बिनतक्रार करतात. साधारण २० लिटर बिअरसाठी चार किलो बार्ली माल्ट आणि अर्धा किलो जाडे पोहे, हे प्रमाण चालतं. पातळ पोहे मात्र घेऊ नयेत. त्यांचा लगदा होतो आणि गाळताना सगळं तुंबून बसतं.

रायगड जिल्ह्यातलं पेण, रोहा आणि कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठावरचं अष्टमी हा सगळा भातपट्टा. पेणचे पोह्याचे पापड महाराष्ट्रभर जातात. बिअरला लागणारे पोहे इथे दाराशी आहेत म्हणायला हरकत नाही. तरीही रोहा-अष्टमी नगरपालिकेच्या हद्दीत कोणी खरोखरच हे पोहे बादलीत घालून यीस्ट टाकलं, तर तो गुन्हा ठरतो. हीच गोष्ट पुण्यात कोथरूडला किंवा मुंबईत दादरला केली तरी तेच.

कारण १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम. त्याचं नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झालं आहे, गाभा तोच राहिला. कलम १२ सांगतं की परवान्याशिवाय मद्य तयार करायचं नाही आणि कलम ६५ त्याची शिक्षा ठरवतं. स्वतःपुरतं, विक्रीसाठी नव्हे, अमुक लिटरपर्यंत, अशी कुठलीही सूट त्यात नाही. प्यायला परवाना मिळतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना आणि आजन्म परवाना हजार रुपयांना, असे दर वर्षानुवर्षं चालत आले. एकवीस पूर्ण झाल्यावर बिअर पिता येते, कडक दारूला पंचवीस पूर्ण लागतात. मात्र पन्नास वर्षांच्या माणसालाही स्वयंपाकघरात पाच लिटर बिअर लावायची सोय नाही. गंमत अशी की माल्ट, हॉप्स, यीस्ट, एअरलॉक हे सगळं ऑनलाइन उघड विकत मिळतं, कारण सुटं सुटं ते खाद्यपदार्थ किंवा साधी भांडी. यीस्ट पाण्यात पडलं की मात्र गुन्हा झालाच.

पुणे, मुंबई या शहरांत हौशींचे गट तयार झाले ते या परिस्थितीत. आय.टी.मधली, रसायनशास्त्र शिकलेली, परदेशात शिकून आलेली मंडळी त्यात जास्त. एकमेकांची बिअर चाखायची, चूक शोधायची, कृती सुधारून द्यायची, हे त्यांचं मुख्य काम. पण दार अर्धं लोटूनच.

जगात इतरत्र हे दार कसं उघडलं, ते पाहण्याजोगं आहे. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायलाही परवाना लागत असे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत १९३३ला दारूबंदी उठली, पण घरगुती बिअर बेकायदाच राहिली. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर करण्याची मुभा मिळाली. १९७९च्या फेब्रुवारीत ती लागू झाली. लॉस एंजेलिसचा 'माल्टोज फाल्कन्स' हा क्लब मात्र १९७४ सालचा. म्हणजे कायदा येण्याच्या चार वर्षं आधी लोक जमून एकमेकांच्या बाटल्या उघडत होते. चार्ली पापाझियन यांनी १९७८ साली कोलोराडोत 'अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन'ची स्थापना केली. तिकडचे काही मोठे व्यावसायिक ब्रूअरही याच वाटेने आले. 'सिएरा नेवाडा' कंपनी उभी करणारे केन ग्रॉसमन त्याआधी कॅलिफोर्नियातल्या चिको गावी घरगुती ब्रूइंगच्या सामानाचं दुकान चालवत. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३पर्यंत आडून बसली होती.

क्लबांचं खरं काम कृती वाटण्यापेक्षा चुका वाटण्याचं असतं. अमेरिकेत १९८५ साली बिअर परीक्षकांसाठी प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. तिच्यात पन्नास गुणांचा तक्ता आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या अंगाला ५ आणि एकूण छापेला १०. परीक्षकाला बाटली कोणाची ते कळत नाही. मग तो लिहितो की लोण्याचा वास येतोय, म्हणजे यीस्टला काम पुरं करायला वेळ दिला नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर बिअर कोवळी असतानाच बाटलीत भरली. शिजवलेल्या मक्याचा वास आला तर झाकण ठेवून उकळलं. आंबट असेल तर भांडी नीट निर्जंतुक केली नाहीत. बनवणाऱ्याला तोंडावर ऐकायला बरं वाटत नाही, पण पुढची खेप सुधारते. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना लिटरमागे पाच ते सात ग्रॅम साखर घालतात. कोणी डोळे मिटून मूठभर घातली तर बाटली फुटते आणि काचा स्वयंपाकघरभर होतात. हा धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा शेजाऱ्याकडून ऐकलेला जास्त लक्षात राहतो.

कोकणात मात्र पुस्तकी कृती पहिल्याच पायरीवर अडते. एल प्रकारच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २२ अंश तापमान लागतं. रोह्याला एप्रिल-मेमध्ये रात्रीसुद्धा पारा त्याच्या वर असतो. गरमीत यीस्ट बेफाम होतं आणि बिअरला नेलपॉलिशसारखा वास, डोकं धरणारी चव येते. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून वरून ओलं फडकं गुंडाळायचं, हा गरिबाचा उपाय. कोरड्या हवेच्या पुण्यात तो बऱ्यापैकी चालतो. दमट कोकणात पाणी वाळतच नाही, मग थंडावा येणार कुठून? ज्यांना परवडतं ते जुन्या फ्रिजला तापमान-नियंत्रक लावतात.

अलीकडे उष्ण भागांतल्या हौशींनी नॉर्वेकडे मोर्चा वळवला आहे. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या घरात जपलेलं 'क्वाइक' हे यीस्ट ३५-४० अंशांतही दोन-तीन दिवसांत स्वच्छ बिअर करून देतं. ते तिथे लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ठेवत, आणि एखाद्याचं बिघडलं तर शेजाऱ्याकडून मागून आणत. लार्स मारियस गार्शोल या नॉर्वेजियन लेखकाने खेडोपाडी फिरून ही यीस्टं गोळा केली, शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकं तपासली आणि आज ती पाकिटातून जगभर विकली जातात. पाकीट कुरियरने भारतातही येतं. थंडीने गारठणाऱ्या देशातून कोकणातल्या उकाड्यासाठी यीस्ट मागवावं लागतं, ही गोष्ट थोडी विचार करायला लावणारी आहे. उकाड्यात काम करणारी यीस्टं कोकणात नाहीत की काय?

आहेत, आणि शतकानुशतकं आहेत. अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे भंडारी माडावर चढतो, न उमललेली पोय बांधतो, हलके ठोकतो, रोज तिचा पातळ काप काढतो आणि खाली मडकं अडकवतो. मडक्यात थेंब पडतो तेव्हा ती नीरा असते. मडक्याला चिकटलेल्या आणि हवेतल्या यीस्टमुळे ती काही तासांतच आंबायला लागते. दिवस सरेपर्यंत तिची चार-पाच टक्के मद्यार्काची माडी झालेली असते, म्हणजे बिअरइतकीच. नीरा टिकवायची तर मडक्याला आतून चुना लावतात. पारा किती, यीस्ट कोणतं, याची चिंता भंडाऱ्याला करावी लागत नव्हती. त्याचं मडकंच त्याचा फर्मेंटर होता. कोणत्या माडाची माडी गोड आणि कोणत्या मडक्याची लवकर आंबते, हे घराघरांतून बोललं जाई.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने हे बोलणं महाग केलं. रस काढायच्या झाडांवरचा कर वाढला आणि माडी काढणं हा परवान्याचा, हिशेबाचा विषय झाला. ब्रिटिशांना महसूल हवा होता आणि महसूल मोजायचा तर दारू एका ठिकाणी व्हायला हवी. ते ठिकाण म्हणजे उरण. मोरा बंदराजवळच्या पारशी मालकांच्या भट्ट्यांत गुजरातेतल्या मोहाच्या फुलांची दारू गाळली जाई आणि ती मुंबईला, ठाण्याला, कुलाबा जिल्ह्याला पुरवली जाई. गावोगावच्या आदिवासींनी आपल्या दारातल्या मोहाची फुलं गोळा करून स्वतः गाळली तर उरणची विक्री बुडणार. म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहवा कायदा आला आणि मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते, ती भाकरीत, भाजीत, लापशीतही जाई. पण अबकारी खात्याला त्यात फक्त चोरटी दारू दिसत होती. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. त्यामुळे पेण-रोह्याच्या डोंगरांतल्या ठाकर-कातकऱ्यांची गाठ या कायद्याशी थेट पडली.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, पण निर्बंध वाढला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली मुंबईत दारूबंदीचा प्रयोग केला होता. १९४९च्या कायद्यानंतर १९५०पासून तो राज्यभर आला. मग जे घडलं ते सर्वांना ठाऊक आहे. काळा गूळ, नवसागर, खाडीकाठचे पत्र्याचे पिंप, रात्रीच्या होड्या, गल्लीतल्या आंटीचा अड्डा. हातभट्टी नावाचा उद्योग या बंदीने वाढवला आणि १९६०च्या दशकात बंदी सैल झाल्यावरही तो टिकून राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण घरगुती बिअरचं नाव काढलं की पहिला प्रश्न विषबाधेचाच येतो. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. ती धान्य किंवा गूळ आंबवल्यामुळे गेली नाहीत. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं म्हणून गेली. आंबवण्यात मिथेनॉल अगदी नगण्य तयार होतं. धोका वाढतो तो ऊर्ध्वपातनात, आणि त्याहून कितीतरी जास्त भेसळीत. बिअर आणि माडी यांत ऊर्ध्वपातन नाहीच. वाईट बिअर पिऊन पोट बिघडेल, डोळे जाणार नाहीत. कायद्याने मात्र बादलीतली बिअर आणि भट्टीतली दारू एकाच ओळीत बसवली आहेत आणि चर्चेतही बहुतेक वेळा तसंच होतं.

याच कायद्याच्या कचाट्यातून आयुर्वेद कसा सुटला, ती कथा मजेदार आहे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात दारूबंदीचा कायदा बहुतांशी उचलून धरला, पण मद्यार्क असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर सरसकट बंदी घालणारा भाग टिकू दिला नाही. पुढे कायद्यात कलम २४-अ आलं आणि औषधी उत्पादनांना वेगळी जागा मिळाली. म्हणून द्राक्षासव आणि अशोकारिष्ट दुकानात मिळतात. आसव-अरिष्टं आंबवूनच करतात. त्यांत तयार होणारा मद्यार्क पाच ते दहा-बारा टक्के असतो, म्हणजे कित्येकदा बिअरपेक्षा जास्त. आंबवण्यासाठी त्यात धायटीची लाल फुलं घालतात. या फुलांच्या मधावर रानटी यीस्ट असतं आणि पारंपरिक पद्धतीत तेच काम सुरू करून देतं. धायटी सह्याद्रीत सगळीकडे उगवते, रोह्याच्या डोंगरांतही. उकाड्यात काम करणारं देशी यीस्ट शोधणाऱ्या हौशीने नॉर्वेला पत्र लिहिण्याआधी या फुलांकडे एकदा पाहायला हवं होतं.

माल्ट करणंही मराठी घराला नवं नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची. बाळाला भरवायचं नाचणीचं सत्त्व तयार. बार्लीचं माल्ट करणारे कारखाने टप्प्याटप्प्याने हेच करतात: मोड आले की धान्यात स्टार्च फोडणारी विकरं तयार होतात, आणि वाळवलं की ती झोपी जातात. याच नाचणीची सिक्कीम आणि पूर्व नेपाळमध्ये तोंग्बा होते. आंबवलेले दाणे भांड्यात भरून वरून गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या नळीने ओढायचं. कोकणातल्या आजीने आयुष्यभर नातवंडांसाठी सत्त्व केलं, पण पुढची पायरी कधी ओलांडली नाही.

ही सीमारेषा सर्वांत जवळून पाहिली असेल ती कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांनी. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं याच गावांची. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या किद्दुश या प्रार्थनेसाठी वाइन किंवा द्राक्षाचा रस लागतो आणि कोकणात वाइन कुठून येणार? मग काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, कुठे उकळून तर कुठे तशाच गाळून घ्यायच्या. ताजं असताना ते सरबत. तेच न उकळलेलं भांडं मे महिन्याच्या उकाड्यात झाकून चार दिवस ठेवलं, तर मनुकांवरच्या यीस्टने त्याची वाइन होईल आणि कलम १२ लागू होईल. १९४८नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तिथे बाटलीतली कोशर वाइन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तरी कित्येक घरांत सणाला मनुकांचंच सरबत होतं.

घरगुती मद्याला भारतात कुठेच मुभा नाही असं मात्र नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबांना स्वतःपुरती मोहाची दारू काढायला आणि बाळगायला मर्यादित सूट आहे. झारखंडमध्ये भाताची हंडिया आठवडी बाजारात बायका उघड विकतात. आसामच्या दिमासा समाजाच्या जुडिमा या तांदळाच्या पेयाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ सालीच मिळालं होतं. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर निर्बंध घालण्याचे किंवा नियमन करण्याचे अधिकार दिले. पालघर, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतले भाग त्यात येतात. रायगड येत नाही. कातकरी राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. पण रोहा तालुक्यातल्या त्यांच्या वाड्यांना हा निर्णय आपल्या सभेत घेण्याची वाट नाही.

दुसरी बाजू हलकी नाही. वर्धा जिल्हा १९७५पासून आणि गडचिरोली १९९३पासून दारूबंदीत आहे, आणि गडचिरोलीची बंदी मोठ्या प्रमाणावर लोकांच्या, त्यातही बायकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपूरला २०१५ला बंदी आली आणि २०२१ला उठली. उभी बाटली की आडवी बाटली या मतदानात गावोगावच्या बायकांनी दुकानं बंद करून दाखवली. नवऱ्याच्या दारूने ज्यांचं घर धुऊन निघालं, त्यांना बिअरमधला हॉप्सचा वास कोणी समजावून सांगू नये. पण त्यांचा राग ज्या दारूवर आहे ती गुत्त्यावर, उधारीवर, रोज संध्याकाळी मिळणारी स्वस्त दारू. तीन आठवडे वाट पाहून, थर्मामीटर धरून, २० लिटर बिअर करणारा माणूस त्या प्रश्नाचा भाग नाही. ऊर्ध्वपातन वगळून, विक्री वगळून, वार्षिक मर्यादा घालून दिलेली सूट त्या आंदोलनाच्या आड येत नाही. अशा सवलतीने गुपचूप चाललेली चूक उघड चर्चेत येईल, इतकं नक्की.

राज्याने वाट दिली आहे ती व्यवसायाला. २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली आणि त्याच जागी बनवून त्याच जागी पाजायची मायक्रोब्रूअरी महाराष्ट्रात आली. 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने पुण्यात मीठ घातलेली कोकमाची एल काढली. कोकमाचा आंबटपणा आणि मीठ ही सोलकढीतली जोडगोळी, आणि जर्मनीच्या खारट-आंबट 'गोज' बिअरशीही तिचं छान जुळतं. डहाणूची 'साउथ सीज डिस्टिलरीज' आता मोहाच्या फुलांची दारू महागड्या बाटलीत घालून विकते. ज्या फुलांसाठी १८९२ साली कायदा झाला, ती फुलं आता शहरी बारच्या फळीवर आहेत.

सर्वांत बोलकं उदाहरण मीडचं, म्हणजे मध आंबवून केलेल्या पेयाचं. पुण्याच्या रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी आधी घरीच हौसेने प्रयोग केले आणि त्यातून 'मूनशाइन मीडरी' उभी राहिली. नाशिकच्या योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोन संशोधक मैत्रिणींनी 'सेराना मीड्स' सुरू केली, नाव घेतलं भारतीय सातेरी मधमाशीचं. परवाना मागायला गेल्यावर पुण्याच्या जोडीला कळलं की मीड या पेयाला उत्पादन शुल्काच्या नियमांत जागाच नाही. बिअर आहे, वाइन आहे, देशी आहे, विदेशी आहे, पण मधाचं काय करायचं ते कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांना समजावून, कागद फिरवून ती जागा तयार करावी लागली. उद्या कोणी रोह्याचे पोहे, रेवदंड्याची माडी आणि डोंगरातली धायटी घेऊन बिअर करायची म्हटली, तर पैसेवाल्याला ही कागदांची वाट चालता येईल. अष्टमीत स्वयंपाकघरात वीस लिटरची बादली लावू पाहणाऱ्याला अर्ज भरायलाही अजून फॉर्म नाही.